सीसीआर५ : जनुक, प्रथिन, आणि ‘ग्राहक’ की ‘ग्राही’?

प्रश्न
पांढऱ्या पेशींवरच्या ज्या प्रथिनाचा आधार घेऊन एचआयव्ही आत शिरतो त्याचे, आणि त्याच्या जनुकाचेही, नाव ‘सीसीआर५’ (CCR5). मराठी मजकुरात ते कधी जनुक म्हणून येते, कधी प्रथिन म्हणून. ‘सीसीआर५ बनवणारे जनुक’, ‘सीसीआर५ ग्राहक’, ‘एड्सप्रतिकारक जनुक’ असे तिन्ही प्रयोग वाचायला मिळतात. यांतले कोणते ग्राह्य धरावेत?

उत्तर
नाव दोघांचे एकच आहे, त्यामुळे गोंधळ होणारच. इंग्रजीत मानवी जनुकाचे नाव तिरक्या ठशात आणि प्रथिनाचे सरळ ठशात छापतात. देवनागरीत तिरका ठसा नीट ओळखू येत नाही आणि मोबाइलवर तर तो बहुधा नाहीसाच होतो. म्हणून प्रत्येक वेळी ‘सीसीआर५ जनुक’ किंवा ‘सीसीआर५ प्रथिन’ असे पूर्ण लिहावे. जरा लांबते, पण अर्थ पक्का राहतो.

‘जनुक प्रथिन बनवते’ हे बोलताना चालेल, लिहिताना मला खटकते. जनुक स्वतः काही बनवत नाही. त्यात प्रथिनाचा संकेत असतो, त्याची नक्कल संदेशवाहक आरएनएच्या रूपाने निघते आणि त्या नकलेवरून रायबोसोम अमिनो आम्ले एकापुढे एक जोडत जातात. ‘या जनुकात ३५२ अमिनो आम्लांच्या प्रथिनाचा संकेत आहे’ हे वाक्य सोपेही आहे आणि अचूकही. ‘संकेतन करते’ असे क्रियापद घडवण्याची गरज वाटत नाही.

उत्तर
इंग्रजी ‘रिसेप्टर’साठी, म्हणजे विशिष्ट रेणू ज्याला येऊन चिकटतो त्या प्रथिनासाठी, ‘ग्राही’ला माझे मत. ‘ग्राहक’ म्हटले की दुकानच डोळ्यांपुढे येते. गुणग्राही, सारग्राही हे शब्द आपल्याकडे रुळलेले आहेत, त्यामुळे ‘ग्राही प्रथिन’ कानाला परके वाटत नाही. लिंगाचा प्रश्नही सुटतो : प्रथिन नपुंसकलिंगी, म्हणून ‘ते ग्राही प्रथिन’.

उत्तर
नावाची फोड पाहिली तर बरेच उलगडते. शेवटचा ‘आर’ ग्राहीचा. आधीचे दोन ‘सी’ मात्र या प्रथिनाचे वर्णन करत नाहीत. पांढऱ्या पेशींना दाह असलेल्या जागी बोलावणारी केमोकाइन नावाची छोटी प्रथिने असतात. त्यांच्या एका गटात सुरुवातीची दोन सिस्टीन अमिनो आम्ले शेजारीशेजारी असतात, म्हणून तो ‘सी-सी’ गट. त्या गटातली केमोकाइन ज्या ग्राहींना चिकटतात ते सीसीआर, आणि ५ हा अनुक्रमांक. म्हणजे हे प्रथिन मुळात आपल्याच पेशींच्या दळणवळणासाठी आहे. ते टी-पेशी, महाभक्षी पेशी यांच्या पृष्ठभागावर असते आणि पेशीचे पटल सात वेळा आरपार ओलांडते. एचआयव्ही त्याचा गैरफायदा घेतो, हे १९९६ साली उघड झाले. विषाणू आधी पेशीवरच्या सीडी४ या मुख्य ग्राहीला चिकटतो आणि मग सीसीआर५चा आधार घेऊन आत शिरतो. म्हणून एचआयव्हीच्या संदर्भात ‘सहग्राही’ हा शब्द योग्य.

सीसीआर५ जनुकाच्या एका बदललेल्या रूपाला ‘डेल्टा ३२’ म्हणतात; त्यातला डेल्टा म्हणजे लोप. व्याकरणातला ‘लोप’ इथे जसाच्या तसा वापरता येतो याचा मला फार आनंद आहे : जनुकातल्या ३२ आधारक जोड्यांचा, म्हणजे डीएनएच्या ३२ अक्षरांचा, लोप. संकेत तीन-तीन अक्षरांच्या गटांनी वाचला जातो आणि ३२ला तीनने पूर्ण भाग जात नाही. त्यामुळे लोपानंतरचे सगळे गट सरकतात, थांबण्याची खूण लवकर येते आणि अपुरे राहिलेले प्रथिन पेशीच्या पृष्ठभागापर्यंत पोचत नाही.

प्रश्नकर्ता
मग आई आणि वडील दोघांकडून ही लोपाची प्रत आलेल्या व्यक्तींना एचआयव्हीबाबत ‘रोगप्रतिकारक्षम’ म्हणावे का?

उत्तर
नाही, आणि या चर्चेत मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भेद हाच आहे. रोगप्रतिकारात शरीर परक्याला ओळखते, प्रतिपिंडे तयार करते, संसर्ग झालेल्या पेशी मारते. इथे तसे काहीच घडत नाही. विषाणूला आत शिरायला हवे ते प्रथिनच पृष्ठभागावर नसते. म्हणून ‘त्यांच्या पेशींत सीसीआर५ वापरणारा एचआयव्ही शिरू शकत नाही’ असे सरळ लिहावे. एका शब्दात हवे तर ‘प्रतिरोध’. ‘सीसीआर५ वापरणारा’ हे विशेषणही गाळू नये, कारण काही एचआयव्ही सीएक्ससीआर४ या दुसऱ्या ग्राहीवरून शिरतात.

‘बर्लिन रुग्ण’ म्हणून ओळखले गेलेले टिमोथी रे ब्राउन यांच्याबद्दल लिहितानाही हा भेद जपायला हवा. ल्युकेमियावरच्या उपचारासाठी त्यांना दोन्ही प्रतींत हा लोप असलेल्या दात्याच्या मूलपेशी दिल्या गेल्या आणि त्यांचा एचआयव्ही संसर्ग बरा झाला. ‘त्यांची प्रतिकारशक्ती वाढली’ असे म्हटले की या घटनेचा गाभाच हरवतो.

प्रश्नकर्ता
आणि लोप असलेल्या जनुकाला ‘सदोष जनुक’?

उत्तर
टाळावे. दोन्ही प्रतींत लोप असलेली माणसे सहसा निरोगी असतात. मात्र वेस्ट नाइल विषाणूची लागण झाली तर त्यांच्यात गंभीर आजाराचा धोका अधिक आढळला आहे. म्हणून ‘सदोष’ही नको आणि ‘वरदान ठरलेले’ही नको. ‘लोप असलेली प्रत’ एवढे पुरते. ‘एड्सचे जनुक’ मात्र सरळ चूक आहे. एड्स विषाणूमुळे होतो.