यूएसबी प्रिंटर घरातील दुसऱ्या संगणकावरून कसा वापरावा?

प्रश्न: आमचा प्रिंटर विंडोज १० च्या डेस्कटॉपला यूएसबी केबलने जोडलेला असून तो शेअरही केला आहे, परंतु त्याच राउटरवरील विंडोज ११ च्या लॅपटॉपला डेस्कटॉपच दिसत नाही. काय तपासावे?

उत्तर: दोन्हीकडे नेटवर्कचा प्रकार ‘प्रायव्हेट’ आहे का, हे आधी पाहावे, कारण तो ‘पब्लिक’ असताना विंडोज आपला संगणक इतरांना दिसू देत नाही. मग ‘नेटवर्क डिस्कव्हरी’ आणि ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’ सुरू करावे. लॅपटॉप ‘गेस्ट’ वाय-फायवर (पाहुण्यांसाठीच्या, घरातील इतर उपकरणांपासून वेगळ्या ठेवलेल्या जोडणीवर) असेल, तर मात्र हे सारे बहुधा व्यर्थ.

प्रश्नकर्ता: डेस्कटॉप दिसू लागला, आभारी आहे. आता प्रिंटर जोडताना शेवटी ‘११बी’ असलेली त्रुटी येते.

उत्तर: सप्टेंबर २०२१ च्या सुरक्षा अपडेटने छपाईच्या जोडणीसाठी कडक पडताळणी सक्तीची केली, तेव्हापासून ही त्रुटी दिसते. दोन्ही संगणक पूर्ण अपडेट करावेत. रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या साठ्यात) बदल करून ती पडताळणीच बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो मला पटत नाही.

आणखी एक उत्तर: डेस्कटॉप बंद किंवा ‘स्लीप’मध्ये असेल, तर लॅपटॉपवरून छपाई होणार नाही. प्रिंटरला वाय-फाय किंवा लॅनची (नेटवर्क केबलची) सोय असल्यास तो थेट राउटरला जोडून त्याचा आयपी पत्ता (नेटवर्कवरील क्रमांक) राउटरमध्ये राखून ठेवावा, म्हणजे तो बदलणार नाही.