काळ्या वर्तुळासाठी अडॅप्टर बदलू नका

स्कोपला (पक्षी पाहायच्या एकडोळी दुर्बिणीला) कॉम्पॅक्ट कॅमेरा लावला की फोटोच्या कडेला काळं वर्तुळ येतं, म्हणून दोन्ही जोडणारा नवा अडॅप्टर घ्यायचं म्हणताय. जरा थांबा. आधी स्कोप २० पटीवर ठेवा आणि कॅमेऱ्याचा ऑप्टिकल झूम हळूहळू वाढवत न्या; वर्तुळ चौकटीबाहेर गेलं की तिथंच थांबा. कॅमेऱ्याची फोकल लेंग्थ (जितकी जास्त, तितकं दृश्य जवळ) १०० मिमीच्या आसपास असेल तर २० पटीनं २००० मिमी होतात, आणखी किती हवं! या कामाला ३-४ पट झूमचा छोटा कॅमेराच बरा. ३० पटवाल्याची लेन्स लांबलचक बाहेर येते आणि वर्तुळ काही जात नाही.

खरा शत्रू हादरा. बटण दाबलं की सगळा डोलारा थरथरतो, म्हणून २ सेकंदांचा टायमर लावा. भिगवणला मी सकाळभर रोहित पक्षी (फ्लेमिंगो) टिपले, घरी येऊन पाहिलं तर सगळे धूसर. नंतर ट्रायपॉडची मधली दांडी खाली घेतली, पायाला पाण्याची बाटली टांगली (ती मात्र जमिनीला टेकलेली हवी, नाहीतर वाऱ्यानं झुलते). दहानंतर पाण्यावरची हवा तापून लहरू लागते. मग स्कोप कितीही महागाचा असो, फोटो मऊ, म्हणजे अस्पष्टच येणार.