मदत हवी आहे: मुलीसाठी स्वस्तातला हंटिंग क्रॉसबो घ्यावा की साधं धनुष्य? (इंदूर, बजेट १२ हजार)

नमस्कार मंडळी, धनुर्विद्येतलं कळणारं कुणी असेल तर प्लीज सांगा. मुलगी आठवीत आहे. २०२३ ला साताऱ्याची अदिती स्वामी बर्लिनला वर्ल्ड चॅम्पियन झाली ना, अवघी १७ वर्षांची, तेव्हापासून हिने ध्यास घेतलाय आणि तो काही उतरत नाहीये. आता खरंच काहीतरी घेऊन द्यायचं ठरवलंय.

इथे एका दुकानात विचारलं तर तो माणूस सारखा क्रॉसबोच (बंदुकीसारखं ट्रिगर असलेलं आडवं धनुष्य) दाखवत होता, म्हणे हंटिंगवाला आहे, १५० पाउंडचा (म्हणजे दोरी ओढायला लागणारी ताकद), ट्रिगर दाबला की झालं, शिकायची गरजच नाही, आणि भाव पण बजेटमध्ये बसतोय. आम्हाला शिकार बिलकुल करायची नाहीये, तशीही आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदीच आहे, नुसतं टार्गेटवर मारायचंय. जागा म्हणजे लोकमान्य नगरच्या घराची गच्ची, नाहीतर देपालपूरकडे दिराचं शेत आहे, सुट्टीच्या दिवशी तिथे जाता येईल. मुलीचे दोन्ही हात पसरून माप घेतलं, १५० सेंटीमीटर आलं. अजून एक, ती उजव्या हाताने लिहिते पण दोन्ही पंजांची छोटी खिडकी करून त्यातून लांबचा खांब बघायला सांगितला आणि एकेक डोळा मिटायला लावला, तर उजवा डोळा मिटल्यावर खांब जागेवरच राहतो आणि डावा मिटला की खिडकीतून गायब होतो. मग धनुष्य कुठल्या हाताचं घ्यायचं? दुकानात सगळी उजवीच होती.

प्रतिसाद

ताई, क्रॉसबो नकोच. माझी दोन्ही मुलं धनुष्य चालवतात म्हणून हक्काने सांगते. ऑलिम्पिकमध्ये क्रॉसबो नाही, तिथे रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं साधं धनुष्य) आहे आणि २०२८ ला लॉस एंजेलिसमध्ये कंपाउंडची (टोकांना चाकं असलेलं धनुष्य) मिक्स्ड टीम येतेय (अदिती कंपाउंडच चालवते, पण ते महाग पडतं, आत्ता नको). पुढे स्पर्धेत उतरायचं म्हटलं तर क्रॉसबोवर घेतलेली मेहनत तिथे फारशी उपयोगी पडत नाही. आणि धोका बघा ना, साधं धनुष्य मुलगी दमली की हळूच सैल सोडते, पण क्रॉसबो एकदा ताणून अडकवला की ती सगळी ताकद ट्रिगरवर तशीच धरून बसलेली असते, बहुतेक मॉडेलमध्ये बाण मारल्याशिवाय उतरवता येत नाही, बाण न लावता ट्रिगर दाबला तर पाती (धनुष्याच्या वाकणाऱ्या बाजू) तडकतात, अंगठा दोरीच्या वाटेत राहिला तर विचारूच नका. १३-१४ वर्षांच्या मुलीच्या हातात मी तरी देणार नाही.

लाकडी मुठीचं टेकडाउन रिकर्व्ह घ्या, म्हणजे वरची-खालची पाती स्क्रूने निघतात आणि ती मोठी झाली की तीच मूठ ठेवून नुसती जड पाती बदलायची. पसरलेल्या हातांचं माप भागिले अडीच, म्हणजे ६० सेंटीमीटर, साधारण साडेतेवीस इंच तिची ओढ (ती दोरी जितकी मागे ओढेल ते अंतर). त्याला ६२ इंची धनुष्य ठीक. पातीवर छापलेले पाउंड २८ इंच ओढीचे असतात आणि इंचामागे साधारण २ पाउंड कमी होतात, म्हणजे २० पाउंड लिहिलेलं तिच्या हातात ११-१२ चं होईल. तेवढंच घ्या, दुकानदार ३० चं गळ्यात मारेल, ते तिला नीट ओढताच येणार नाही आणि खांदा धरून बसेल ते वेगळंच.

डोळ्याचं तुम्ही बघितलंत ते फार बरं झालं, डावा डोळा प्रमुख आहे तिचा. नवीन शिकतेय, हाताला अजून सवय नाही, तेव्हा डोळ्याप्रमाणेच जा: लेफ्ट-हॅन्ड धनुष्य, उजव्या हातात धरायचं, डाव्या हाताने ओढायचं. थोडं ऑर्डर करून मागवावं लागेल पण थांबा, उजवं उचलू नका. पैसे उरले की बाण, आर्मगार्ड (दोरी हाताला लागू नये म्हणून), फिंगर टॅब (ओढणाऱ्या बोटांसाठी) आणि दोरी चढवायचा स्ट्रिंगर घ्या. बाण ओढीपेक्षा दोन-तीन इंच लांब, ती वाढणारच आहे. नेम धरायला मुठीत बसवायची साइट वगैरे नंतर.

गच्चीवर अजिबात नको, चुकलेला बाण शेजारच्यांच्या अंगणात जाईल. शेतावर मातीच्या बांधासमोर गच्च भुसा भरलेली पोती लावा, १० मीटरपासून सुरुवात, आणि बाण काढायला जाताना धनुष्य खाली ठेवलेलं असलंच पाहिजे.

धागाकर्ती

ताई, खूप खूप आभार, आज दुकानदाराला नाही म्हणून सांगते. एकच विचारते, सुरुवातीला बाण लाकडी चालतील का अॅल्युमिनियमचेच घेऊ? आणि इंदूरमध्ये मुलींना शिकवणारं कुणी माहीत असेल तर कळवा, जबलपूरची सरकारी अकॅडमी आहे पण इतक्या लांब एकटीला आत्ता नाही पाठवणार.