मदत हवी आहे : लॅटिमर स्कूल, एडमंटन

नमस्कार मंडळी. आम्ही उत्तर लंडनमध्ये राहतो. लेक पाचवीत आहे आणि पुढच्या सप्टेंबरात ग्रामर स्कूलच्या परीक्षेला बसायचं म्हणतेय. इंग्लंडमध्ये अशा सरकारी, बिनफीच्या पण परीक्षा घेऊन प्रवेश देणाऱ्या फक्त 163 शाळा उरल्यात. त्यातही मुलं-मुली एकत्र शिकतात अशा कमीच. म्हणून आमचा डोळा लॅटिमरवर.

शाळेचा इतिहास वाचताना मी मात्र भलतीकडेच रमलो. 1624 साली एडवर्ड लॅटिमर नावाच्या गृहस्थाने गरीब मुलांच्या शिक्षणासाठी मृत्युपत्रात तरतूद केली, तिथून ही सुरुवात. (आपल्याकडे तेव्हा शिवाजी महाराजांचा जन्मही व्हायचा होता!) 1910 मध्ये शाळा हॅझलबरी रोडवर आली आणि मुलींनाही दार उघडलं. टीव्ही सूत्रसंचालक ब्रूस फोर्सिथ आणि अभिनेत्री आयलीन अ‍ॅटकिन्स इथलेच. हाऊसना कवी कीट्स, निबंधकार लॅम अशी नावं आहेत, कारण दोघेही एडमंटनमध्ये राहिलेले.

पण हे सगळं कागदावरचं. इथे कुणी स्वतः शिकलंय का, किंवा मुलं तिथे आहेत का? संगीताला खरंच वेळ मिळतो की नुसता अभ्यासाचा रेटा? सातवीत नवीन आलेली मुलं लवकर रुळतात का? आणि शिकवणी न लावता कुणाचं पोर परीक्षा पास झालंय का, हे तर नक्की सांगा. बायकोचं आणि माझं यावरून रोज वाजतंय.