मदत हवी आहे: पहिल्यांदाच लॅपटॉप घेणाऱ्या गिऱ्हाइकाला नीट कसं समजावायचं?

नमस्कार मंडळी,

मी नाशिकला एम. जी. रोडजवळ एका कॉम्प्युटरच्या दुकानात काउंटरवर असतो. बारावीचे निकाल लागून अॅडमिशनं सुरू झाली की निफाड, दिंडोरी, सिन्नरकडून पालक येतात. बहुतेकांच्या घरातला हा पहिलाच लॅपटॉप. द्राक्षाचे, टोमॅटोचे पैसे बाजूला ठेवून आलेल्या माणसाच्या हातात नको ती वस्तू द्यायची माझ्या अगदी जिवावर येतं.

अडचण अशी की मी सांगतो तेव्हा काका "हो, हो" म्हणतात, मान डोलावतात, आणि त्यांना किती कळलं याचा मला पत्ता लागत नाही. मुलीसमोर "मला नाही समजलं" म्हणणं त्यांना जड जातं. मग आठवड्याने फोन येतो: "पाचशे बारा जीबी जागा म्हणाला होतात, इथं चारशे शहात्तरच दिसतंय." कंपनी एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरते आणि विंडोज १०२४च्या पटीत मोजतं, म्हणून आकडा कमी दिसतो. फसवणूक कुठेच नाही. पण फोनवर हे सांगताना मलाच सारवासारव केल्यासारखं वाटतं.

दुसरा घोळ आकड्यांचाच. "प्रोसेसर आय-सेवनच पाहिजे" असं कुणीतरी सांगून पाठवलेलं असतं. चौथ्या पिढीचा जुना आय-सेवन कुठेतरी स्वस्तात मिळतो, आमच्याकडचा नवा आय-थ्री महाग दिसतो, आणि सात तर तिनापेक्षा मोठेच. विंडोज ११ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, हे मी सांगतो. तेवढ्यात पुण्याच्या भाच्याला फोन लागतो आणि पुढचं सगळं तोच ठरवतो.

तर विचारायचं आहे ते असं: समोरच्याला कमीपणा न वाटता त्याला समजलंय की नाही हे कसं ओळखता? आणि फोनवरच्या भाच्याचं काय करता?

इंदिरानगरकर

दादा, मी निवृत्त शिक्षिका, त्यामुळे गिऱ्हाईक म्हणून सांगते. "समजलं का?" हा प्रश्नच विचारू नका. वर्गातसुद्धा त्याला "हो" हे एकच उत्तर येतं. "आता तुम्ही बंद करून परत चालू करा बरं" असं म्हणा आणि हात मागे घ्या. कुठे अडतंय ते आपोआप दिसेल.

दुसरं, मला "रॅम किती हवी?" असं विचारलं तर मी काय सांगणार? "कशासाठी हवाय?" म्हणालात तर भरपूर सांगेन: मराठीत लिहायचंय, नातवाला व्हिडिओ कॉल करायचाय, पेन्शनचं बघायचंय. विंडोजमध्ये मराठी फोनेटिक कीबोर्ड आधीपासूनच असतो, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही, हे मला माझ्या दुकानदारानं सांगितलंच नव्हतं. तुम्ही तो दुकानातच चालू करून द्या आणि गिऱ्हाइकाला स्वतःचं नाव टाइप करू द्या. आणि एक कळकळीनं सांगते, पैसे देणाऱ्याकडे बघून बोला. सगळे विक्रेते माझ्या मुलाकडे बघून बोलत होते.

पिंपळगावचा दुकानदार

भाऊ, भाच्याला टाळू नको. फोन स्पीकरवर घे आणि त्यालाच विचार, "ताई कोणत्या कोर्सला चाललीय? कॉलेजनं काही यादी दिलीय का?" सिव्हिल किंवा मेकॅनिकल असेल तर ऑटोकॅडसारखी जड सॉफ्टवेअर येतात, तिथे १६ जीबी रॅम सुचव. बीकॉम आणि टॅलीला ८ पुरते. विषय कामावर आला की भाचाही आय-सेवनचा हट्ट सोडतो.

जुनी, हळू हार्ड डिस्क आणि वेगवान एसएसडी यांच्यातला फरक बोलून पटत नाही. आमच्याकडे हार्ड डिस्कवालं एक जुनं मशीन मुद्दाम ठेवलंय. ते आणि नवं एकदमच चालू करतो. 'एक टीबी मोठं' म्हणणारी माणसं तेवढ्यात गप्प होतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मायक्रोसॉफ्ट अकाउंट गिऱ्हाइकाच्याच ईमेलवर आणि त्याच्याच मोबाइल नंबरवर काढ. घाईत दुकानाचा नंबर टाकणारे मी पाहिलेत. विंडोज ११मध्ये बऱ्याच लॅपटॉपची डिस्क आपोआप एनक्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद होते आणि ती उघडायची रिकव्हरी की त्या अकाउंटवर जाते. पुढे कधी मशीननं ती की मागितली आणि अकाउंट हाताशी नसलं, तर पोरीचे प्रोजेक्ट गेले म्हणून समज. पासवर्ड त्यांनाच ठरवू दे आणि घरच्या वहीत लिहून ठेवायला सांग.

धागाकर्ता

ताई, भाऊ, मनापासून आभार. अकाउंटचा मुद्दा आजच मालकांच्या कानावर घालतो. ४७६चा आकडा यापुढे पैसे घेण्याआधीच स्क्रीनवर दाखवीन, म्हणजे घरी गेल्यावर धक्का बसणार नाही.

एक गोष्ट मात्र अजून अडते. अँटिव्हायरस आणि वाढीव वॉरंटी विकायचं आम्हाला टार्गेट असतं. विंडोजमध्ये डिफेंडर हा अँटिव्हायरस असतोच आणि घरगुती वापराला तो पुरतो, असं माझं मत आहे. काकांनी सरळ विचारलं तर मी खरंच सांगतो. पण जे विचारतच नाहीत, त्यांना आपणहून सांगावं का? काउंटरवर काम करणाऱ्यांनी मालकाशी हे कसं बोलून घेतलं, तेवढं कुणी लिहाल का?