प्रतिसाद: नुसता थेरपिस्ट शोधून भागत नाही

वर कोणीतरी म्हटलंय की डिप्रेशन आहे ना, मग चांगला थेरपिस्ट शोधा आणि गोळ्या वेळेवर घ्या, बाकी एलजीबीटीक्यू, कृष्णवर्णीय, लॅटिनो वगैरे भेद कशाला. थेरपी आणि औषधं लागतातच, त्याबद्दल वाद नाही, पण भेद केला नाही तर आजार कुठून येतोय तेच दिसत नाही. संशोधक इलान मायर यांनी २००३ मध्ये मायनॉरिटी स्ट्रेसची, म्हणजे अल्पसंख्य गटातलं असल्यामुळे येणाऱ्या जादा ताणाची, मांडणी केली ती हेच सांगते. हा ताण म्हणजे हिणवलं जाणं, कोणीतरी नाकारेल ही सततची धास्ती, स्वतःला लपवत राहणं आणि तोच तिरस्कार हळूहळू स्वतःच्या मनात मुरणं. आता त्यात वंशभेद मिळवा. माणूस आपल्या समाजात गे म्हणून नकोसा आणि एलजीबीटीक्यू गटात रंगामुळे परका, मग मन मोकळं करायचं कुठे?

म्हणून मला अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसचा कम्युनिटी पार्टनर्स इन केअर हा डिप्रेशनवरचा अभ्यास-प्रकल्प फार महत्त्वाचा वाटतो. तिथे दवाखान्यांबरोबर चर्च, बेघरांसाठी काम करणाऱ्या संस्था, अगदी हेअर सलूनसुद्धा डिप्रेशनच्या कामात घेतले, आणि जिथे संस्थांना नुसतं ट्रेनिंग दिलं त्यापेक्षा जिथे सगळ्यांनी मिळून प्लॅन केला तिथे सहा महिन्यांनी लोकांचं मानसिक आरोग्य जास्त सुधारलेलं दिसलं, मानसिक त्रासासाठी हॉस्पिटलात भरती होणंही कमी झालं. सगळे सहभागी एलजीबीटीक्यू नव्हते हे खरं, पण रस्ता हाच आहे असं मला मनापासून वाटतं. फक्त चर्चमध्येच ज्याला दुखावलंय त्याला मदतीसाठी परत तिथेच पाठवू नका, त्याच्यासाठी दुसरं दार उघडं हवं.