मदत हवी आहे: पडणाऱ्या चेंडूचं त्वरण ९.८ ऐवजी १४० येतंय!

चिंचेचं_बोटूक: उद्या प्रॅक्टिकलची फाइल द्यायचीय. चेंडू पडतानाचा व्हिडिओ घेतला, फ्रेम-फ्रेमला क्लिक करून जागा नोंदवली, एक्सेलात वजाबाकी भागिले वेळ केलं. वेग बरा दिसतो. वेगाच्या कॉलमवर परत तेच केलं की त्वरण कधी १४०, कधी उणे १२०. सूत्र तीनदा तपासलं. लवकर सांगा.

गणूकाका: सेकंदाला फ्रेम किती? एकक कुठलं?

चिंचेचं_बोटूक: मीटर. दीड मीटरवरून सोडला. स्लो मोशन, २४० फ्रेम. अचूक यावं म्हणून मुद्दाम.

पोहे_विथ_लिंबू: मध्य फरक वापरा. पुढची जागा वजा मागची, भागिले दुप्पट काळ. प्रश्न सुटला.

गणूकाका: काही सुटत नाही. त्वरणात काळाच्या वर्गाने भागतो, म्हणजे ५७,६०० ने गुणतो. एका फ्रेममध्ये बोट १ मिलिमीटर हललं की तिथलं त्वरण ११५ ने चुकतं. दर आठवी फ्रेम घेतलीस तर तीच चूक १.८ वर येते.

चिंचेचं_बोटूक: म्हणजे १३० क्लिक फुकट?!

सह्यभटक्या: एवढा खटाटोप कशाला? फोनमध्ये त्वरण मोजणारा ॲक्सिलरोमीटर असतो. गादीवर फोनच टाका.

पोहे_विथ_लिंबू: पडताना तो शून्याच्या आसपास दाखवतो, साहेब. टाकून बघा, फोन तुमचाच घ्या.

मावळतीचा_वारा: चेंडू जड असो वा हलका, त्वरण सारखंच असतं.

गणूकाका: ते कोणी विचारलंय?

नॉइजवाला: साव्हिट्स्की-गोले गाळणी लावा, आकड्यांतले खडबडीत चढउतार गुळगुळीत होतात. १९६४ पासून लोक हेच करतात. माझा अख्खा थिसिस त्यावर निघाला.

गणूकाका: त्वरण बदलत असेल तर लावा की. इथे एकच आकडा हवाय. बोटूक, क्लिक फुकट नाहीत, सगळे बिंदू ठेव. जागा-काळाचा आलेख काढ, ट्रेंडलाइन टाक, पॉलिनोमियल, ऑर्डर २.

नॉइजवाला: हवेचा रोध विसरलात.

गणूकाका: दीड मीटरवर? तो टेनिसचा आहे की फुगा?

चिंचेचं_बोटूक: टेनिसचा. केलं. ४.८७ आला. आता निम्माच!!

गणूकाका: काळाच्या वर्गापुढचा आकडा अर्धं त्वरण असतं रे. दुप्पट कर.

चिंचेचं_बोटूक: ९.७४!! काका, थँक्यू. फाइलमध्ये तो १४० वाला आलेख पण लावू का?

गणूकाका: लाव. तोंडीला त्यावरच विचारतील.

सह्यभटक्या: टाकला फोन. खरंच शून्य दाखवतो. गादी मात्र थोडी पुढे सरकवायला हवी होती.